कुकडीच्या खोऱ्यात हिमनदी कधीच नव्हती

गेल्या रविवारी पारनेर तालुक्यातून माझ्या मामांचा फोन आला. सहाशे फुटांचे बोअर मारण्यासाठी त्यांनी गाडी ठरवली होती, विसारही दिला होता, आणि हे सगळे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाच्या भरवशावर. हाच संदेश आमच्या नातेवाइकांच्या गटात मी आधी तीनदा वाचून सोडून दिला होता. तो असा : शेवटच्या हिमयुगात सह्याद्री बर्फाखाली होता, निघोजचे रांजणखळगे (कुकडी नदीच्या खडकाळ पात्रातले रांजणासारखे खोल खळगे) आणि कोकणातल्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या, मग बर्फ वितळून एकच महापूर आला आणि नद्यांकाठचा सगळा गाळ त्या एका पुरात साचला, त्या पुराचे गोड पाणी काळ्या पाषाणाखालच्या गाडल्या गेलेल्या दऱ्यांत अजून भरून आहे, तेव्हा खोल जा. सोबत पुरावा म्हणून चंद्रपूरकडच्या हिमनदीच्या ओरखड्यांचा उल्लेख.

पहिला दावा साध्या हिशेबाने कोसळतो. शेवटच्या हिमयुगाची परिसीमा सुमारे 21,000 वर्षांपूर्वीची. त्या काळी उष्णकटिबंधातले तापमान आजच्यापेक्षा फार तर पाच-सहा अंशांनी कमी होते. महाबळेश्वरचे वार्षिक सरासरी तापमान आज वीस अंशांच्या आसपास आहे. त्यातून सहा अंश वजा केले तरी बर्फ वर्षानुवर्षे साचून त्याची नदी वाहू लागावी अशी थंडी तिथे होत नाही, आणि महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाईही 1,646 मीटरच आहे. हिमालयात हिमनद्या खूप खाली उतरल्या होत्या हे खरे, पण तो हिमालय आहे.

रांजणखळग्यांबद्दल मला अधिक राग आहे, कारण निघोज मामांच्या घरापासून तासाभरावर आहे आणि तिथे जाऊन कोणालाही खात्री करून घेता येते. उन्हाळ्यात कुकडीचे पाणी उतरले की एखाद्या कोरड्या खळग्यात हात घालून पाहावा. भिंत गुळगुळीत आणि वळत वळत खाली गेलेली लागते, आणि तळाशी बहुधा तेच वाटोळे गोटे सापडतात, ज्यांना भोवऱ्याने गरागरा फिरवून हा खडक घासला. हिमनदी खडकावरून सरकते तेव्हा तिच्या तळाला रुतलेले दगड लांब, सरळ, एकमेकांना समांतर असे ओरखडे काढतात. निघोजला तसा एकही ओरखडा नाही. संदेशात शेजारी छापलेले चित्र स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या खळग्यांचे आहे. ते 1872 साली उजेडात आले आणि हिमनदीच्या पट्ट्यातलेच आहेत, पण तेही कोरले ते बर्फाखालून वेगाने वाहणाऱ्या पाण्याने. खळगा दिसला म्हणजे हिमनदी होती, असे त्यावरून ठरत नाही.

कोकणातल्या दऱ्यांचे उत्तर एवढेच की त्या पावसाच्या पाण्याने आणि कड्यांवरून कोसळणाऱ्या ओढ्यांनी मागे मागे कोरत नेल्या आहेत.

एका पुरात सगळा गाळ, या दाव्याला कुकडीच उत्तर देते. जुन्नर तालुक्यात बोरी येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पांढुरकी, पिठासारखी बारीक अशी ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून आली. ती टोबाच्या नेमक्या कोणत्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद आहे. ती टोबाची आहे, यावर नाही. राखेच्या खाली गाळ आहे, वरही गाळ आहे, त्यात आदिमानवाची दगडी हत्यारे आहेत आणि चुनखडीचे खडे आहेत, जे मातीत हळूहळू, कोरड्या हवेत, फार मोठ्या काळात तयार होतात. सगळे काही एका पुरात आले असते तर राखेचा हा नाजूक थर केव्हाच ढवळून नाहीसा झाला असता.

मग हिमयुगाने आपल्या नद्यांवर काहीच परिणाम केला नाही का? केला, पण बर्फाविना. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरा, मुळा, घोड, भीमा यांच्या काठांचे थर अनेक दशके अभ्यासले, आणि माझा सारा भर त्याच कामावर आहे. थंड काळात मोसमी पाऊस क्षीण झाला, नद्यांना आपला गाळ पुढे वाहून नेण्याची ताकद उरली नाही आणि खोरी भरत गेली. पुढे सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास पाऊस पुन्हा जोरावर आला आणि नद्यांनी तोच गाळ चिरून आपले पात्र खाली नेले. नेवाशाला प्रवरेच्या काठी उभे राहिल्यावर समोर जी उंच दरड दिसते, ती अशी तयार झाली.

चंद्रपूरचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. इरईजवळ पैनगंगेच्या पात्रात हिमनदीने घासलेला, ओरखडे पडलेला चुनखडक आहे आणि भूवैज्ञानिक फेडन यांनी 1875 मध्ये त्याची नोंद केली आहे. पण ते बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे, आपली भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती तेव्हाचे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसातून बनला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ती हिमनदी होती तेव्हा कुकडीचे खोरे नव्हते आणि ज्यात ते कोरायचे तो खडकही नव्हता.

राहिला बोअरचा मुद्दा, ज्यापायी मामांचे पैसे जाणार होते. हिमयुगात गोट्या-वाळूने भरून गाडल्या गेलेल्या दऱ्या आणि त्यांतले पाणी ही गोष्ट डेन्मार्क, उत्तर जर्मनी, कॅनडा येथे खरी आहे. तिकडे त्यांतून पाणी उपसलेही जाते. कोणीतरी तिकडचे वर्णन उचलून पारनेरवर चिकटवले आहे. आपल्याकडे पाणी राहते ते नदीकाठच्या गाळात, वरच्या मुरमात, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात आणि पाषाणाच्या भेगांत, आणि ते मुख्यतः अलीकडच्या पावसाचे असते. जितके खोल जावे तितक्या भेगा सहसा कमी होत जातात. मामांच्या विहिरीला पस्तीस फुटांवर मुरमातून झरा आहे. त्यांच्या बांधापलीकडे दोन वर्षांपूर्वी पाचशे फुटांचे बोअर झाले, तेव्हा दोनशे फुटांनंतर शेवटपर्यंत काळी कोरडी भुकटी उडत होती, आणि ती मामांनी स्वतः पाहिली आहे. एवढे बोलणे झाल्यावर त्यांनी गाडीवाल्याला नको म्हणून कळवले. विसार परत मिळालेला नाही.