क्रॉसाँला खारी म्हणू नये

कोल्हापुरात आता फ्रेंच पद्धतीची पेस्ट्रीची दुकानं निघाली आहेत, क्रॉसाँ म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची पदरांची पेस्ट्री विकणारी. तिथं कसं वागावं हे कुणीतरी सांगायला हवं. परवाच्या रविवारी आईचा एकाहत्तरावा वाढदिवस मी अशाच एका दुकानात करून आलो, म्हणजे अनुभव ताजा आहे. (मालाबद्दल तसं म्हणवत नाही.) दुकानाचं नाव सांगत नाही. एक तर बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे मला ते उच्चारता येत नाही.

जाताना घरून जेवून जा.

आत शिरल्यावर मराठी बोलू नका. काऊंटरवरचा पोरगा ‘हाय मॅम, व्हॉट कॅन आय गेट यू?’ म्हणाला तेव्हा आईनं मागं वळून बघितलं, मॅम कोण आली म्हणून. त्याच पोराला दोन मिनिटांनी फोन आला. ‘आलो की रं, गिऱ्हाईक हाय अजून.’ म्हणजे बोलता येतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं नसतं.

केकवर नाव मराठीत लिहून मागू नका. ‘मराठी फॉन्ट नाही सर.’ क्रीमच्या पिशवीला फॉन्ट असतो हे मला पन्नाशीत कळलं.

एक्लेअर नावाची क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री असते. एक्लेअर म्हणजे फ्रेंचमध्ये वीज. ती बिल आल्यावर पडते.

बिलाचं निघालंच आहे तर सांगतो. रांगेत मी उभा राहिलो, ट्रे मी उचलला, टेबल आईनं पदरानं पुसलं, आणि खाली दहा टक्के सेवा शुल्क. सेवा आमची, शुल्क त्यांचं. सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैत सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ च्या मार्चमध्ये ते उचलून धरलंय. पण हे तिथं काढू नका, मागं रांग असते. मोबाईल नंबरही मुकाट्यानं द्या. ओटीपी आल्याशिवाय क्रॉसाँ फुगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रॉसाँला खारी म्हणू नका. आई म्हणाली. काचेआड वाकून बघत म्हणाली, ‘खारीच की ही. जरा फुगलीया.’ पोरगा हसला. नुसता हसला असता तर चाललं असतं, शेजारच्या पोरीकडं बघून हसला. ‘नो मॅम, धिस इज नॉट खारी. धिस इज फ्रेंच.’

तुम्ही शहाणे असाल तर इथं गप्प बसा. कणकेत लोणी ठेवून लाटायचं, घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं, ही रीत दोन्हीकडं एकच, हे सांगायला जाऊ नका. क्रॉसाँत यीस्ट असतं, खारीत नसतं, आणि आपल्या खारीत लोण्याच्या जागी बहुतेक वेळा वनस्पती तूप असतं. बाकी घराणं एकच. तीन पदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे सत्तावीस थर होतात, भट्टीत त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं हे काचेतनं नुसतं बघून ओळखलं, ते काय चुकलं? आणि फ्रेंच तरी कुठलं डोंबलाचं! मूळ व्हिएन्नाचं. झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं १८३० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसात व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथनं हा चंद्रकोरीचा आकार फ्रान्सात रुजला. पदर फ्रेंचांनी नंतर आणले. आजही फ्रेंच लोक या मालाला ‘व्हिएनवाझरी’ म्हणतात. म्हणजे त्यांनी व्हिएन्नाचं नाव ठेवलं, आणि आम्ही खारी म्हटलं तर आम्ही गावंढळ!

यातलं मी काहीही बोललो नाही. मीपण हसलो. त्या पोराबरोबर.

मग ‘वॉर्म करू सर?’ म्हणून त्यानं दोनशे चाळीस रुपयांचा तो ऐवज मायक्रोवेव्हमध्ये चाळीस सेकंद फिरवला. पदरांची पार वाट लागली, पावसाळ्यात डबा उघडा राहिलेल्या भडंगासारखी. आईनं खारीच्या सवयीनं मांडीवर रुमाल पसरला होता. एक कण पडला नाही त्यावर. ‘सादळलीया रं,’ ती हळूच म्हणाली. पोराला ऐकू गेलं. ‘मॅम, इट्स सपोज्ड टू बी सॉफ्ट.’ मग तिनं सगळी खाल्ली, पैसे दिलेत म्हणून.

जाऊ दे, आता नीटच बोलतो. अहो मालक, मागं ओव्हन आहे ना तुमचा? त्यात पाच मिनिटं ठेवायला काय होतं? आणि ते पोरगं आमच्यातलंच आहे, त्याची चूक नाही. पंचगंगेचं पाणी प्यायलेल्या पोराला आपल्या आईच्या वयाच्या बाईशी इंग्रजीत बोलायला तुम्ही शिकवलंय. लाज वाटली पाहिजे.

आणि आपल्यालाही. मिसळीचा कट कोमट आला तर आपण पातेल्यापर्यंत जाऊन बोलतो. पांढरा रस्सा पातळ लागला तर मालकाला बाहेर बोलावतो. गंगावेशीत दूध प्यायचं तर म्हैस डोळ्यासमोर पिळून लागते आपल्याला. आणि एसी अन् परदेशी पाटी दिसली की सगळा रांगडेपणा चपलांबरोबर बाहेर! मी तर निघताना पाच स्टार देऊन आलो. पोरगा मोबाईलकडं बघत उभा होता, काय करणार?

काल आई जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होती. लेकानं मोठ्या दुकानात नेलंतं, दोनशे चाळीसची खारी खाल्ली. ‘सादळलीती, पण म्हणणार कसं, पोरगं हसत हुतं.’

कुठलं पोरगं, ते मी विचारलं नाही.