वादळ जूनमध्ये, पैसे फेब्रुवारीत

किनाऱ्यावरच्या संशोधनाला पैसे मागायला गेलं की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. वादळाआधी गेलात तर "आत्ता काय घाई आहे?" आणि वादळानंतर गेलात तर "लोकांची घरं उडालीत, तुम्ही हे काय काढलंत?" मग जायचं तरी कधी? माझं काम किनाऱ्यावरची झाडं आणि खाडीतली खारफुटी मोजायचं, म्हणून विचारतोय असं समजा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडपासून खाली दापोलीपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या. सुपाऱ्या कंबरेत मोडलेल्या, नारळ मुळासकट बाहेर, पुळणीवरची सुरूची झाडं एकमेकांच्या अंगावर. आता जरा विचार करा, अशा वेळी किनाऱ्यावर कोण हवं? पंचनाम्याला तलाठी हवेतच. पण मोजपट्टी आणि जीपीएस घेतलेली चार माणसंही हवीत. कुठला सुरू उपटला आणि कुठला मोडला, हे बघायला. उपटलेला उथळ मुळांची गोष्ट सांगतो, मोडलेला वाऱ्याची. वाळूवर पसरणारी मर्यादवेल होती तिथली वाळू टिकली का? खाडीच्या तोंडावरच्या चिपीची, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाची, नुसती पानं गेली की फांद्याही? आतल्या तिवरांच्या, तीही खारफुटीच, चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांवर किती बोटं गाळ बसला? ही मुळं गाळाखाली गेली की झाड लगेच मरत नाही. आज हिरवंगार दिसतं आणि काही महिन्यांनी उभ्या उभ्या वाळतं. तेव्हा बघायला गेलात तर कशाने मेलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि हे बघायला वेळ असतो फार तर पंधरवडा. आपल्याकडे मे-जूनचं वादळ गेलं की पाठोपाठ पावसाळा हजर. खुणा धुऊन जातात. पडलेली झाडं लोक तोडून नेतात, आणि न्यायलाच हवीत, डोक्यावरचं छप्पर गेलेल्या माणसाला "थांबा, मोजू द्या" म्हणायची माझी हिंमत नाही. निसर्गच्या वेळी टाळेबंदी होती, मोजायला जाता आलं नाही, मान्य. तौक्ते वादळाच्या वेळी 2021 मध्ये दुसरी लाट होती, तेही सोडा. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा कुठला करोना होता?

मदतीवर माझा राग नाही. रायगडला दोन दिवसांत 100 कोटी जाहीर झाले, चांगलं झालं. पुढे झाडागणिक भरपाई ठरली, सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात हो, 50 रुपयांत काय होतं? बागायतदार चिडले ते बरोबरच होतं. पण निदान पडलेल्या झाडाला कसला का होईना भाव ठरला. शेजारचं उभं राहिलं ते का राहिलं, या प्रश्नाला कुठल्याच लेखाशीर्षात जागा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतले 20 टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीचा फटका आधीच कमी करण्यासाठी, वेगळे काढले. वाचून मलाही आशा वाटली होती. पण सौम्यीकरण म्हटलं की आमच्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो धूपप्रतिबंधक बंधारा! दगड टाका, बिल काढा, फोटो काढा. मग शेजारच्या गावाची पुळण खचायला लागते आणि तिथेही बंधाऱ्याची मागणी येते.

माझ्या प्रस्तावात होतं तरी काय? वादळाआधी आणि वादळानंतर खाडी मोजायची, त्यासाठी होडीभाडं, दोन प्रकल्प सहायक, गाळाच्या तपासण्या. तज्ज्ञ समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "प्रकल्पाच्या मुदतीत वादळ आलंच नाही तर निष्पत्ती काय?" अहो साहेब, वादळ नसतानाची मोजणी हीच निष्पत्ती! आधी किती होतं ते माहीत नसेल तर किती गेलं ते कशावरून सांगणार, कुंडलीवरून?

रडतखडत मंजुरी आली. पहिला हप्ता फेब्रुवारीच्या अखेरीस जमा झाला आणि सोबत पत्र: 31 मार्चपर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्या, नाहीतर रक्कम परत करा. खाडीत आतपर्यंत जायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी लागते. महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस, त्यातही रोजचे मोजके तास. समुद्राला आर्थिक वर्ष कळत नाही, हे लेखा विभागाला कोण सांगणार?

आणि ती होडीची पावती! होडीवाल्या दादांनी वहीच्या पानावर रक्कम लिहून सही केली. लेखा विभाग म्हणतो, जीएसटी क्रमांक कुठाय? तीन दरपत्रकं कुठायत? अहो, त्या खाडीत त्या वेळेला होडी एकच असते, आणि तीही दादांनी दिवसाची मासेमारी बुडवून दिलेली. तर मला सल्ला मिळाला की पर्यटकांना बनाना राइड देणाऱ्यांचं दरपत्रक जोडा, त्यांच्याकडे पक्कं बिल मिळतं. तिवरांत बनाना राइड! दादांचे पैसे मी खिशातून दिले. सहायक मुलीचं मानधन मात्र खिशातून किती दिवस देणार? लांबून पानांच्या रंगावरून कुठली चिपी, कुठलं तिवर हे सांगणारी पोरगी, महिनोन्‌महिने वाट बघून शेवटी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागली. तिला कुठल्या तोंडाने थांब म्हणू?

वर ऐकवतात की अशा अभ्यासाचा उपयोग काय. ओडिशात 1999 चं महाचक्रीवादळ झालं. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा हिशेब मांडून दाखवलं की गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जिथे रुंद होता तिथे माणसं कमी मेली. ते छापून आलं 2009 मध्ये, आणि जमलं ते 1944 सालच्या खारफुटीची माहिती हाताशी होती म्हणून. अमेरिकेत 2012 च्या सँडी वादळात पाणथळ जागांनी सुमारे 62.5 कोटी डॉलरचं पुराचं नुकसान वाचवलं, असा हिशेब निघालाय. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अशा तातडीच्या कामासाठी 'रॅपिड' नावाची वेगळी सोय आहे. छोटा प्रस्ताव, बाहेरच्या तज्ज्ञांच्या फेऱ्यांशिवाय आतल्या आत निर्णय. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएमचे, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, शास्त्रज्ञ सांगतात की 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. म्हणजे वादळं वाढली हे पक्कं ठाऊक, ती किनाऱ्यावर आल्यावर काय होतं ते मोजायला मात्र पैसा नाही. संशोधनावर देशाच्या जीडीपीच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च, त्यात खेकड्यांच्या बिळांचा नंबर कधी लागायचा!

आता म्हणे खासगी क्षेत्राकडून पैसा येईल. येतो ना. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी घेऊन सीएसआरवाले येतात, टोप्या घालून, खारफुटीची रोपं लावायला. कधी कधी तर बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात त्याच उघड्या चिखलात लावतात, जिथे मुळात खारफुटी कधी नव्हती. रोपाला पैसे, बॅनरला पैसे, ड्रोनला पैसे. वर्षाने किती रोपं जगली हे मोजायला पैसे मागितले की साहेब मीटिंगमध्ये.

फार काही मागत नाही. किनाऱ्याच्या प्रत्येक जिल्ह्यासाठी थोडी रक्कम आधीच मंजूर करून ठेवा, जवळच्या कॉलेजांतली माणसं ठरवून ठेवा, वनखात्याची परवानगी आधीच देऊन ठेवा, आणि वहीच्या पानावरची पावती चालेल असं एक परिपत्रक काढा. हवामान खात्याचा इशारा आला की फक्त फोन करा, आम्ही निघतो. आणि कृपा करून यावर समिती नेमू नका. नेमणारच असाल तर तिची पहिली बैठक ओहोटीला, खाडीच्या चिखलात घ्या, गुडघ्याएवढ्या.