जुन्या फरशीवर लॅमिनेट टाकता येतं, पण 'कशावरही' नाही

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. "जुनी फरशी, कार्पेट, विनाइल, काहीही असू दे, त्यावर थेट लॅमिनेट वुडन फ्लोअरिंग टाका. तोडफोड नाही, खालचं काही बघायची गरज नाही, एका दिवसात काम, 100 टक्के वॉटरप्रूफ, वर कंपनीची वॉरंटी." दिवाळीच्या आधी लोक घराची कामं काढतात आणि असलं काहीतरी वाचून चांगली रक्कम घालून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊनच लिहितो.

"तोडफोड नाही" हे खरंय. लॅमिनेट खाली चिकटवत नाहीत की ठोकत नाहीत, आधी अंथरलेल्या पातळ फोमवर फळ्या एकमेकींत क्लिक करत जातात. त्यामुळे व्हिट्रिफाइड किंवा जुनी मोझॅक टाइल घट्ट बसलेली असेल तर ती फोडायची काहीच गरज नाही. वजनाचीही भीती नको, 8 एमएमचं लॅमिनेट एका चौरस मीटरला साधारण 7 किलो भरतं.

"खालचं काही बघायची गरज नाही". खरा घोळ इथेच आहे. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवीतिडवी फिरवा, पट्टीखाली 3 एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर आधी तिथे लेव्हल करून घ्यायला लागतं. शहाबादी तर हमखास वरखाली असते, आणि जुन्या बिल्डिंगमधल्या मोझॅकलाही एखादा कोपरा बसलेला असतोच. अशा खड्ड्यावर फळी अधांतरी राहते, पाय पडला की दबते, उचलला की वर येते, आणि हा सगळा ताण फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या कडेच्या लॉकवर येतो, जे दाबलेल्या लाकडी तंतूंचं असतं आणि जेमतेम काही एमएम जाड. ते एकदा तुटलं की फट पडते, फटीत पुसण्याचं पाणी जातं आणि फळीच्या कडा फुगून उभ्या राहतात, वाळल्या तरी पुन्हा खाली बसत नाहीत. बरेच जण सांगतात की फोमचे दोन थर टाका, खड्डा भरून निघेल. अजिबात नका करू, फळी उलट जास्त दबते.

नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवूनही बघा. बद्द, पोकळ आवाज आला की ती टाइल सुटलीय, ती पक्की केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि ओल. तळमजल्याचं घर असेल किंवा बाथरूमला लागून खोली असेल तर जाड प्लॅस्टिकचा मीटरभर तुकडा चारी बाजूंनी टेपने फरशीला, सांध्यांसकट, चिकटवून दोन दिवस ठेवा, जमलं तर पावसाळ्यातच. खालून थेंब धरले तर आधी ओलीचा बंदोबस्त. फोमखाली 200 मायक्रॉनची प्लॅस्टिक शीट टाकतात ती थोडीफार दमट वाफ अडवायला, बाथरूमचं लिकेज तिने थांबत नाही. वाळवी येऊन गेलेलं घर असेल तर ट्रीटमेंटही आधीच, कारण नंतर खाली काय चाललंय ते दिसत नाही.

"कार्पेट, विनाइल काहीही चालेल". मऊ कार्पेटवर लॅमिनेट म्हणजे गादीवर ठेवलेला पाट, हलणारच, शिवाय धूळ आणि दमटपणा आत कोंडून बुरशी धरते. विनाइलचं मात्र बघून ठरवा. पातळ, एकच थर, पूर्ण चिकटवलेलं असेल तर ते राहू शकतं. आपल्याकडे बहुतेक घरांत रोल आणून नुसता अंथरलेला असतो, तो गुंडाळून बाहेर काढा. काढल्यावर खालचे काळे डाग नीट बघून घ्या, ओल कुठे आहे ते त्यावरूनही समजतं.

"एका दिवसात काम". एक बेडरूम दिवसात होते, पण फळ्यांचे बॉक्स आधी 48 तास त्याच खोलीत आडवे ठेवायचे असतात, ते या दिवसात कुणी मोजत नाही. घाईत हमखास राहते ती भिंतीलगतची 8-10 एमएमची मोकळी जागा. फट दिसायला नको म्हणून कारागीर फळी भिंतीला टेकवतो, पावसाळ्यात लॅमिनेट फुगतं, त्याला सरकायला जागा नसते आणि मधूनच उचलून येतं. ती फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते, स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. फिक्स वॉर्डरोबही लॅमिनेटवर बसवायचा नाही, फ्लोअर तिथे जखडली जाते. आणि दारं! 8 एमएम फळी अधिक 2 एमएम फोम म्हणजे फरशी 1 सेंटीमीटर वर आली, सुताराकडून दारं खालून तासून घ्यावीच लागतात, त्याचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का ते विचारा.

"100 टक्के वॉटरप्रूफ" हे तर साफ खोटं. चांगलं लॅमिनेट सांडलेलं पाणी काही तास सोसतं, बस. आपल्याकडे रोज बादली घेऊन फरशी पुसतात, सणाला धुतातही, ते यावर चालत नाही, घट्ट पिळलेलं फडकंच. किचनसाठी एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लॅस्टिकच्या फळ्या, बघा, ते पाण्याने फुगत नाही, पण त्याचंही लॉक खालची फरशी वरखाली असली की तुटतंच.

राहिली वॉरंटी. बॉक्समध्ये एक कागद येतो, त्यात फरशी किती सपाट हवी, किती फट ठेवायची, ओलीसाठी काय करायचं सगळं छापलेलं असतं, आणि तसं काम झालं नसेल तर कंपनी क्लेम नाकारू शकते. तो कागद ॲडव्हान्स द्यायच्या आधी मागून घ्या आणि लेव्हल तपासून देणार का, हे कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशनवरच लिहून घ्या.