फोनवर जवारी का मरते? मिरजेच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. 'आवाजाचे आकडे कसे होतात' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "सेकंदाला ८००० ठिपके घेता, मग दोन ठिपक्यांमधला आवाज जातो कुठे? फोनवर तंबोऱ्याची जवारी मरते ती त्यामुळेच. आणि तुम्ही म्हणता आवाज जसाच्या तसा पोचतो!" सतारमेकरांच्या शेजारात जन्म काढलेल्या माणसाच्या कानावर मी शंका घेणार नाही. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तंबोऱ्याला येणारी ती झणझणीत झळाळी, मरते हे खरंच. पण ठिपक्यांनी, म्हणजे ठरावीक क्षणांना घेतलेल्या आवाजाच्या मोजमापांनी, ती मारलेली नाही.

ठिपके घ्यायच्या आधीच आवाज फिल्टरमधून जातो. टेलिफोनसाठी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला कंपनं) एवढाच पट्टा ठेवतात. बोलणं कळायला तेवढा पुरतो. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्यात जोडीच्या तारांचा मूळ स्वर सुमारे १३९ हर्ट्झ, खर्जाचा ६९. दोन्ही बाहेरच राहतात. (तरी ऐकू आल्यासारखे वाटतात, कारण वरच्या स्वरांशांवरून कान ते भरून काढतो.) आणि जवारीची झळाळी तर ३४०० च्या वरही पसरलेली. ती तिथेच कापली जाते.

आता ठिपक्यांमधली जागा. वरचं काढून टाकल्यावर उरलेला तरंग मधल्या जागेत मनाला येईल तसा वळूच शकत नाही. तितक्या झटक्यात वळायला जी वरची वारंवारिता लागते, तीच शिल्लक नसते. म्हणून ४००० हर्ट्झच्या, म्हणजे ८००० च्या निम्म्याच्या, आत राहून त्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारा तरंग एकच निघतो. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हे गणिताने मांडलं.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी सांगलीत एका मित्राचा तंबोरा ध्वनिमुद्रित केला, सेकंदाला ४४,१०० ठिपके घेऊन. ठिपक्यांना हात न लावता फक्त ३०० च्या खालचं आणि ३४०० च्या वरचं काढलं. घोडीवरच्या तारेखालचा दोरा कुणी ओढून घ्यावा, तसा आवाज बसला. मग तेच ८००० ठिपक्यांवर आणून पुन्हा तरंग केला. या दोन्हींत आम्हा दोघांनाही फरक सांगता आला नाही.

'जसाच्या तसा' हा शब्द मात्र माझा चुकला. प्रत्येक ठिपक्याची उंची ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवावी लागते. हळू आवाजासाठी पायऱ्या बारीक ठेवतात, तरी थोडी खरखर राहतेच. तो शब्द मी लेखातून काढला आहे.

आणि तुम्ही ऐकता ते बहुधा मोबाइलवर. जुन्या मोबाइल कॉलमध्ये तर सेकंदाला ६४,००० (८००० ठिपके, प्रत्येकी ८) बिटांऐवजी जास्तीत जास्त १२-१३ हजार बिट जातात. दर २० मिलिसेकंदांनी फोन आवाज माणसाच्या गळ्यातून आलाय असं धरून त्याचं वर्णन पाठवतो, आणि पलीकडचा फोन त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. तंबोऱ्याला गळा कुठला? तिथे त्याच्या चिंध्या होतात, आणि तिथे तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. फोरजीवरच्या एचडी कॉलमध्ये पट्टा ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंदावतो, पण गळ्याचं गृहीतक तिथेही सुटलेलं नाही.

मिरजेला येईन तेव्हा तिन्ही ध्वनिमुद्रणं घेऊन येतो. कुठलं कुठलं ते आधी सांगणार नाही. तुम्हीच ऐकून सांगा.