थॉर्नडाइकची मांजर सगळ्यांना पाठ, त्याची विद्यार्थिनी कुणालाच माहीत नाही

डीएड-बीएड केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा थॉर्नडाइक कोण, तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्याच्या प्रयोगातली मांजर, पेटी, मासा, प्रयत्न-प्रमाद पद्धत सगळं धडाधडा म्हणून दाखवेल. आम्हीही तसंच पाठ केलं, पाच मार्कांची टीप असायची. पण त्याच थॉर्नडाइकच्या हाताखाली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात 1916 ला पीएचडी केलेली, आणि गंमत म्हणजे त्याच्याच एका लाडक्या मताची हवा काढून घेतलेली लेटा स्टेटर हॉलिंगवर्थ नावाची बाई आमच्या एकाही गाईडमध्ये नव्हती. शाळेत मुलींना शिकवायचंय तर मांजरीपेक्षा ही बाई जास्त कामाची होती असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून आज लांबलचक लिहितेय, वेळ असेल तरच वाचा.

लेटाचा जन्म 1886 चा, नेब्रास्का राज्यात चॅड्रन गावाजवळचा. तिकडे नवीन जमिनी कसायला गेलेल्या लोकांचा तो मुलूख, वारा, दुष्काळ, टोळधाड, पीक हाती लागेल तेव्हा खरं. आपल्या पारोळा-अमळनेरच्या कोरडवाहूवाल्यांना वेगळं सांगायला नको. तिची आई मार्गारेट हिने लेटाच्या पहिल्या वर्षाची डायरी लिहिलीये, आणि ती आईच्या बाजूने नाही तर बाळच बोलतंय अशी! मी आज हे केलं, मला हे कळायला लागलं, असं. शेतावरच्या घरात, चूल-पाणी-धुणं सगळं उरकून एक तरुण बाई बसते आणि आपल्या पोरीचं डोकं कसं चालतं ते लिहून ठेवते. मला विचाराल तर पुढे मुलांच्या बुद्धीवर पुस्तकं लिहिणाऱ्या बाईची पहिली गुरू ही आई. लेटा तीन वर्षांची असताना तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. नंतर आजी-आजोबांकडे वाढणं, मग बाप आणि सावत्र आईच्या घरी व्हॅलेंटाइन गावात, तिथले दिवस काही सुखाचे नव्हते. नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने म्हटलंय की दहाव्या वर्षीच तिने उरलेलं बालपण सोडून द्यायचं आणि मोठं व्हायचं ठरवलं. हे वाचून मला माझ्या वर्गातल्या दोन-तीन पोरी आठवल्या, ज्या चौथीतच धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायच्या.

सोळाव्या वर्षी ती युनिव्हर्सिटीत गेली, 1906 ला पदवी, दोन गावांत मास्तरीण म्हणून नोकरी. वर्गात भेटलेला हॅरी हॉलिंगवर्थ तोवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला गेला होता, 1908 च्या 31 डिसेंबरला न्यूयॉर्कात दोघांचं लग्न झालं. आणि लग्न झालं तशी हिची नोकरीच गेली समजा, कारण न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत लग्न झालेल्या बाईला मास्तरीण होता येत नसे. अनुभव आहे, सर्टिफिकेट आहे, पण कुंकू लागलं ना, मग घरी बसा. न्यूयॉर्कात हां, धानोऱ्यात नाही! ती घरी बसली, स्वयंपाक केला, कपडे शिवले, गोष्टी लिहून मासिकांना पाठवल्या, त्या काही खपल्या नाहीत.

सुटका झाली ती कोकाकोलामुळे, खरंच. त्यातल्या कॅफिनवरून अमेरिकन सरकारने कंपनीवर केस केली होती आणि 1911 ला कंपनीने कॅफिनचा डोक्यावर, हातावर, झोपेवर काय परिणाम होतो ते तपासायचं काम हॅरीला दिलं. माणसं आणून, रोज डोस देऊन, चाचण्या घेऊन नोंदी ठेवायच्या, आणि हे सगळं प्रत्यक्ष चालवलं लेटाने. त्या पैशातून तिची पुढच्या शिक्षणाची फी निघाली. कंपनीच्या पैशातून केलेलं संशोधन कितपत खरं मानायचं हा प्रश्न आपण आज विचारतो तसा तेव्हाही लोकांनी विचारलाच, पण नवरा-बायकोने निकाल काहीही लागला तरी तो छापायची मोकळीक आधीच मागून घेतली होती.

आता मुद्द्याचं. त्या काळी मोठमोठे विद्वान म्हणायचे की पुरुषांमध्ये चढ-उतार जास्त असतो, म्हणजे अतिहुशारही पुरुषच आणि अतिमंदही पुरुषच, बायका सगळ्या मधल्या, सरासरी. पुरावा काय? थोर माणसांच्या याद्या बघा, बायका नाहीत. मतिमंदांच्या संस्था बघा, तिथेही मुलगेच जास्त. थॉर्नडाइकसुद्धा हेच मानायचा. आणि यावरून सरळ निष्कर्ष की बायकांना उच्च शिक्षण देऊन काय करायचं, त्यांच्यातून कुणी थोर निघणारच नाही.

लेटा तेव्हा नेमकी अशाच एका सरकारी केंद्रात बुद्धिमापन चाचण्या घेण्याचं काम करत होती, जिथे संस्थेत भरती करायच्या मुलांना तपासायला आणायचे. तिने आलेल्यांची वयं बघितली. लहान वयात मुलगे जास्त, पण वय वाढलं की बायका जास्त! असं का? कारण मुलगा कामाला बाहेर पडला की लगेच उघडा पडतो, हिशोब जमत नाही, मालक हाकलतो, लोक म्हणतात याला कुठेतरी नेऊन तपासा. मुलीला भांडी घासता येतात, पोरं सांभाळता येतात, तेवढ्यावर घर तिला ठेवून घेतं. नवरा मेला किंवा घरचा आधार तुटला की मग ती तपासणीला येते, चाळिशीत वगैरे. म्हणजे संस्थेच्या रजिस्टरवरून डोकं मोजता येत नाही, फक्त कुणाला बाहेर आणलं आणि कुणाला घरात ठेवलं एवढंच कळतं.

हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवून आमचं गाव डोळ्यासमोर आणलं. पारावर बसणारा, एसटीच्या कंडक्टरला सलाम ठोकणारा, डोक्याने जरा कमी असलेला पोरगा आमच्या प्रत्येक गावात सगळ्यांना माहीत असतो, त्याचं नावही सगळ्यांना तोंडपाठ. तशी पोरगी? कुणीच सांगू शकणार नाही. ती असते हो, पण ती कापूस वेचायला जाते. वेचणीला काय लागतं, दोन हात आणि कमरेला ओटी, बोंड उघडलं की कापूस काढून ओटीत. संध्याकाळी वजनकाट्यावर तिचे किलो बरोबर भरतात आणि तिची मजुरी आई घेते, मग कोण कशाला म्हणेल हिला काही कळत नाही म्हणून? आणि याच्या उलट बाजूची पोरगीही तिथेच असते, जिला एकदा सांगितलेला पाढा कधी विसरत नाही, तीही वेचणीतच. दोघींचेही किलो भरतात.

लेटाने हीच गोष्ट थोर माणसांच्या यादीलाही लावली. घरकामात कुणी थोर होऊ शकतं का हो? जगातली सगळ्यात उत्तम पोळी लाटणाऱ्या बाईचं नाव कुठल्या ज्ञानकोशात येतं? बायकांना जे काम दिलं त्यात नाव मिळवायची सोयच नाही, आणि मग नाव नाही म्हणून अक्कल नाही असं ठरवायचं. शिवाय दुसऱ्या एका बाईबरोबर तिने 1000 मुलगे आणि 1000 मुली अशा नवजात बाळांची मापं घेतली, जन्मतः तरी मुलग्यांमध्ये चढ-उतार जास्त असल्याचं काही दिसलं नाही. हे 1914 ला छापून आलंय.

त्याच वर्षी तिचा प्रबंधही छापला, आणि त्याचा विषय बघा, पाळी. पाळीच्या दिवसांत बाईचं डोकं आणि हात नीट चालत नाहीत हे तेव्हा डॉक्टर लोक छातीठोक लिहायचे. तिने 23 बायका आणि तुलनेला 2 पुरुष घेतले. बोटाने भराभर टकटक करणं, हात स्थिर धरणं, रंगांची नावं पटापट सांगणं, उलट अर्थाचे शब्द सांगणं, टाइपरायटर शिकणं, अशा चाचण्या महिन्याच्या सगळ्या दिवसांत घेतल्या. पाळीत काम ढासळतं असं आकड्यांत दिसलंच नाही. सही करणारा गाईड थॉर्नडाइक, जो दुसऱ्या मुद्द्यावर तिच्या विरुद्ध मताचा होता, त्याने पदवीही दिली आणि नंतर नोकरीही. हे मात्र मानलं पाहिजे, आपल्याकडे गाईडच्या विरुद्ध एक वाक्य लिहून बघा.

आणि आपल्याकडे 110 वर्षांनंतर? उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे-कुरडया चालू असतात तेव्हा बाजूला बसलेल्या पोरीला म्हणतात हात लावू नको, बिबडे लाल पडतील. पण सकाळी हंडे भरून आणायला तीच चालते, कापूस वेचायला तीच चालते. मजुरीला विटाळ नसतो, बिबड्यालाच असतो वाटतं. पोटात दुखतं हे खरंय, दुखत असेल तिला झोपू द्या, गोळी द्या, पण त्यावरून 'पेपर कसा देईल ती' हे म्हणणं सोडा.

आता जिथे माझं तिच्याशी अजिबात जमत नाही ते. पुढे ती अतिहुशार मुलांकडे वळली. 1916 ला तिने एका 8 वर्षांच्या मुलाची चाचणी घेतली, बुद्ध्यांक निघाला 187, आणि तिथून पुढे 23 वर्षं ती असल्या मुलांच्या मागे होती. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत 1922 पासून खास वर्ग चालवले, 1936 ला स्पेयर स्कूल, तिथे अतिहुशार आणि हळू शिकणारे दोन्ही वर्ग एकाच इमारतीत. त्या मुलांना घोकंपट्टी नाही, वरच्या वर्गात ढकलणं नाही, तर आपण खातो काय, घालतो काय, प्रवास कशाने करतो, या वस्तू इथवर कशा आल्या ते शोधायला लावायचं. फार सुंदर. आपल्याकडे पुण्यात ज्ञानप्रबोधिनी 1962 ला निघाली तेव्हा आपण या वाटेला लागलो. पण तिचं म्हणणं असं की बुद्धी बहुतेक रक्तातूनच येते, आणि त्या काळच्या सुप्रजननवाल्यांच्या, म्हणजे चांगल्या रक्ताच्या लोकांनाच जास्त मुलं व्हावीत म्हणणाऱ्यांच्या, सुरात सूर मिळवून तिने लिहिलंय, ते वाचताना वाईट वाटतं. अहो बाई, रजिस्टरवरून डोकं मोजू नका हे तुम्हीच सांगितलंत ना? मग गरिबाच्या पोराला तोच न्याय का नाही? सातपुड्यातलं पावरी बोलणारं पोरगं आमच्या प्रमाण मराठीच्या पेपरात गप्प बसतं आणि शेरा पडतो 'संथ'. त्याच पोराला जंगलातल्या झाडांची नावं विचारा, मास्तर गप्प बसतील. बायकांच्या बाबतीत जिने इतकं लख्ख बघितलं तिला इथे दिसलं नाही. तरी तिला फेकून देऊ नये, तिचंच हत्यार तिच्यावर चालवावं.

ती 1939 च्या नोव्हेंबरात कॅन्सरने गेली, आजार कित्येक वर्षं लोकांपासून लपवून ठेवला होता. आणि इथून पुढचं हॅरीचं काम. तिचं अर्धवट राहिलेलं पुस्तक, 180 च्या वर बुद्ध्यांक असलेल्या 12 मुलांचं, त्याने पुरं करून 1942 ला छापलं. तिच्या कविता छापल्या. 1943 ला तिचं चरित्र लिहिलं. आज हॉलिंगवर्थ नवरा-बायकोचे कागद ओहायो राज्यात अ‍ॅक्रन युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्राच्या इतिहासाच्या संग्रहात आहेत, नेब्रास्कातही आहेत. आईची डायरी, पत्रं, कविता यांतलं काहीही आपल्यापर्यंत आलं ते घरातल्या कुणाला तरी वाटलं की हे ठेवलं पाहिजे म्हणून. बहिणाबाईंचं तरी काय झालं? असोद्याची माय जात्यावर, शेतात गात होती, मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने लिहून घेतलं म्हणून 1952 ला पुस्तक निघालं. न लिहून घेतलेल्या किती असतील.

माझी आत्या यावल तालुक्यात झेडपीची शिक्षिका होती. टाचणवहीत पाठाचं टाचण उजव्या पानावर आणि डाव्या कोऱ्या पानावर मुलांबद्दल बारीक अक्षरात काहीबाही लिहायची. 'हातचा घेताना बोटं मोजत नाही, ओठ हलवते.' 'दिवाळीनंतर गैरहजर, वेचणी.' 'फळ्यावरचं दिसत नसावं, पुढे बसवली, आता बरोबर लिहिते.' इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाने डाव्या पानाकडे कधी बघितलं नसेल. तिच्यानंतर वह्यांचा गठ्ठा रद्दीत गेला, घरातले म्हणाले ठेईसन काय करनं शे आते? त्यातली एक वही वाचली ती दाण्यांच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती म्हणून, तेलाचा गोल डाग आहे वर. मुलांचं निरीक्षण म्हणजे आणखी काय असतं? लेटाच्या आईने जे केलं तेच, फक्त चाळीस पोरांचं.

आपल्या खान्देशाला कागद सांभाळायचं कळत नाही असं कुणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर धुळ्यात 1927 ला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, धुळ्याच्याच शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखितं गावोगावहून गोळा करून धुळ्यातच ठेवली. पण दप्तरं म्हटली की आपल्याला सनदा, वतनं आणि संत आठवतात. मास्तरणीची टाचणवही, अंगणवाडीताईची डायरी, नर्सबाईची नोंदवही यांना दप्तर म्हणायची आपली तयारी नाही. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, तिथे एक कपाट यासाठी मिळायला काय हरकत आहे? एमएड करणाऱ्या पोरापोरींना प्रश्नावल्या वाटत फिरण्यापेक्षा हे वाचायला दिलं तर प्रबंधही बरे निघतील, हे माझं मत, चिडायचं त्याने चिडावं.

तोवर घरच्या घरी एवढं करता येईल. आई, आजी, मावशी कुणी शिक्षिका असेल तर वह्या उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर काढा, टाचण्या गंजतात त्या आधी काढून टाका, पानांचे मोबाईलवर फोटो घ्या आणि गाव, शाळा, साल लिहून ठेवा. मुलांची नावं असलेली पानं फेसबुकवर टाकू नका मात्र, ती पोरं आता चाळीस-पन्नाशीची आहेत. आणि कुणी आधीच असं काही गोळा करत असेल, चोपडा, शिरपूर, नंदुरबार कुठेही, तर कमेंटमध्ये सांगा, आत्याच्या वहीचे फोटो मी पाठवते.