नांदायला या, असा हुकूम

मागच्या महिन्यात आमच्या मंडळातली एक मुलगी घरी आली. मुलगी म्हणजे तिशीतली, इथे लंडनमध्ये नर्स आहे. नवरा दीड वर्षापूर्वी भारतात परतला, ही इथेच राहिली. पिशवीतून कागद काढून म्हणाली, "ताई, एकदा वाचा. मला वाटतंय माझाच समजायला घोटाळा होतोय." घोटाळा नव्हता. नवऱ्याने तिकडच्या कुटुंब न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा लावला होता. वकिलांच्या भाषेत वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. आपल्या बोलण्यात, नांदायला येण्याचा दावा.

नांदणं हा माझा फार लाडका शब्द आहे. 'नांदा सौख्यभरे' म्हणत आपण अक्षता टाकतो तेव्हा त्यात राहणं असतं, रमणं असतं, घर भरलेलं असणं असतं. तोच शब्द कोर्टाच्या कागदावर बघितला आणि पोटात गोळा आला. नांद, असा हुकूम कुणी कुणाला कसा देणार?

मला रखमाबाई आठवल्या, नांदायला जायला नकार देऊन पुढे डॉक्टर झालेल्या. कामावर जाताना माझी बस ब्लूम्सबरीतून जाते. तिथे हंटर स्ट्रीटवर एक जुनी लाल विटांची इमारत आहे. रखमाबाई शिकल्या ते स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय याच जागी होतं. ही इमारत त्या परतल्यानंतरची, पण रस्ता तोच. १८८९ साली इथे आलेली ही मुंबईची मुलगी काय सोसून आली होती, ते एव्हाना पुष्कळांना ऐकून माहीत असतं. मला त्यातलं कायद्याचं टोक महत्त्वाचं वाटतं.

अकराव्या वर्षी लग्न, नवरा दादाजी भिकाजी एकोणीसचा. रखमाबाई आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या, वाचत राहिल्या, सासरी कधी गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की हा दावाच मुळात इंग्लंडमधून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, आणि जी बाई कधी नांदलीच नाही तिला जबरदस्तीने पाठवणं क्रूरपणाचं आहे. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांची ती बाई म्हणाली, तुरुंगात जाईन. 'केसरी'ने दादाजींची बाजू घेतली, समाजसुधारक बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

हे सगळं मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, कारण तिथे त्याच आठवड्यात वैवाहिक बलात्कार गुन्हा ठरवावा का, यावरून वाद पेटला होता. माझा मामेभाऊ, माणूस मनाने चांगला, त्याने लिहिलं, "ताई, तू तिकडे राहतेस म्हणून तुला हे पटतं. आपल्याकडे लग्न म्हणजे संस्कार आहे, करार नाही. तिकडची फॅडं इकडे आणू नका."

त्याला माझं उत्तर एवढंच आहे की तिकडून आलंय ते हे कलम. बायकोला कोर्टामार्फत परत आणवण्याचा दावा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांत जन्मला आणि ब्रिटिश न्यायाधीशांबरोबर बोटीतून मुंबईला उतरला. रखमाबाईंचा नकार मात्र गिरगावातल्या मराठी घरात तयार झाला. त्या इथे शिकायला आल्या त्या नकार देऊन झाल्यावर, आधी नाही. परकं काय आणि आपलं काय हे ठरवायचंच असेल तर निदान वंशावळ नीट लावावी.

इथे राहून मी इंग्लंडचे गोडवे गाणार नाही. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हाच आहे, हे इथल्या सर्वोच्च पीठाने १९९१ साली मान्य केलं. म्हणजे माझ्या शेजारच्या आजींच्या लग्नाची पहिली कित्येक वर्षं त्याशिवायच गेली. आजही नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या किती बायका निव्वळ व्हिसाच्या भीतीने गप्प बसतात, हे मंडळात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पण एक गोष्ट या देशाने केली. नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात टाकणं १८८४ साली बंद केलं. आणि तीन वर्षांनी मुंबईत त्याच साम्राज्याचं न्यायालय रखमाबाईंना तुरुंगाची धमकी देत होतं. मग १९७० साली तो दावाच रद्द केला. लग्नसंस्था काही त्यामुळे कोसळली नाही.

आपण तो १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नव्याने लिहून घेतला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवलं, लग्न टिकवण्याचा प्रयत्न म्हणून.

भावाने पुढे आणखी एक लिहिलं, ते मात्र मला मान्य आहे. हा दावा बायकाही लावतात. घराबाहेर काढलेली बाई "मला नांदवा" म्हणून कोर्टात जाते, कारण तिला जायला दुसरी जागा नसते. माझ्या आईच्या ओळखीतल्या एकीने तो लावला होता. हुकूम मिळाला, घर मिळालं नाही. तिला हवं होतं डोक्यावर छप्पर आणि मुलांच्या शाळेची फी. ते थेट देणारा कायदा भक्कम करा, त्यासाठी कुणाच्या तरी बिछान्यापर्यंत जाणारा हुकूम कशाला हवा? आता तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येते, हे खरं. आणि वर्षभर हुकूम पाळला नाही तर त्यावरच घटस्फोट मागता येतो. म्हणजे जो नांदवायला म्हणून मागितला, तो पुष्कळदा पोटगीच्या अर्जाला तोड म्हणून किंवा मोडायची पायरी म्हणून वापरला जातो.

रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या, परत गेल्या, सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या बाळंतपणांत त्यांचं आयुष्य गेलं. २५ सप्टेंबर १९५५ ला त्या वारल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. हिंदू विवाह कायदा, त्यातल्या कलम ९ सकट, त्याच वर्षी १८ मे रोजी लागू झाला होता. तो त्यांच्या हयातीत आला, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. तिने तिकडे वकील केलाय, त्यांना उत्तराचे मुद्दे पाठवायचे होते. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघींनी ते मराठीत लिहून काढले. तारखा, पगार, कोण कधी कुठे राहिलं, सगळं. पहिलं वाक्य मी सुचवलं नाही, तिनेच लिहिलं: मला नांदायचं नाही.