फुकट रेशनमुळे मजूर आळशी झाले, हे खरं नाही

सुगी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच. सरकार धान्य फुकट देतंय, बायकांच्या खात्यात दीड हजार टाकतंय, मग शेतात येईल कोण? गरिबी ही मानसिकता आहे. हे लोक पोरं जास्त काढतात, हातात आलेलं दारूत घालवतात. आमचे आजोबाही गरीबच होते, पण कष्टाने वर आले. हे फुकटचं बंद करा, आठ दिवसांत सगळे सुतासारखे सरळ होतील. गावच्या ग्रुपवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत तो येतो आणि पुढे जातो. पाठवणारे बरेच जण आपलेच असतात आणि मनापासून तसं मानतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी धान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. त्याआधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. म्हणजे मोफत झाल्यामुळे माणशी महिन्याला १० ते १५ रुपये वाचले. पाच माणसांच्या घरात फार तर ७५. एवढ्यावर कुणी काम सोडून घरी बसतं, असं ज्याला वाटतं त्याने कधी महिन्याचा किराणा भरलेला नसावा. अंगमेहनतीचा माणूस दिवसाला चारशे-पाचशे ग्रॅम धान्य सहज खातो. ५ किलो दहा-बारा दिवसांत संपतात. उरलेले दिवस, आणि तीसही दिवसांचं तेल, डाळ, मीठ-मिरची, गॅस, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सगळं मजुरीतूनच येतं.

तेही धान्य हातात पडायला रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, म्हणजे बोटाच्या ठशाने ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, अंगठा लागावा लागतो. खुरपं धरून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा पदराला पुसायचा, पुन्हा ठेवायचा, दुसरं बोट लावून बघायचं. रेंज गेली की ‘उद्या या’. उद्या यायचं म्हणजे आणखी एक रोज बुडवायचा.

आता लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. समजा, या पन्नास रुपयांच्या आधारावर एखादी बाई कुणाच्या रानातल्या खुरपणीला नाही म्हणाली. मग आजवर ती त्या दराला का येत होती, हे विचारायला नको का? दुसरा इलाजच नव्हता म्हणून ती येत होती. नाही म्हणण्याची थोडीशी ताकद आली, तर त्याला आळस म्हणता येत नाही. आणि पैसे दिले की गरीब काम सोडतात का, हे तपासूनही झालंय. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्स, मोरोक्को, होंडुरास, निकाराग्वा अशा सहा देशांतल्या सात योजनांची आकडेवारी एकत्र करून बघितली. पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही.

मग मजूर मिळत का नाहीत? ही तक्रार खोटी नाही. सोयाबीन सगळ्यांचं एकाच वेळी काढणीला येतं आणि तेव्हा माणसांसाठी खरोखर वणवण करावी लागते. पण माणसं घरी झोपलेली नसतात, ती बाहेरगावी गेलेली असतात. वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामांवर, आणि बीडसारख्या जिल्ह्यातून लाखांनी ऊसतोडीला.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवरा-बायको निघतात. दोघांची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पहाटे अंधारातच फडात उतरायचं, ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३० रुपयांच्या आसपास पडतात, तेही दोघांत, आणि आधीच घेतलेल्या उचलीतून फिटायचे. एक दिवस आजारपणात गेला की खाडा, त्याचे पैसे कापून जातात. पाळीच्या, अंगावरून जाण्याच्या त्रासात खाडे नकोत म्हणून गर्भपिशवीच काढून टाकलेल्या बायका बीड जिल्ह्यात किती आहेत, हे २०१९ मध्ये सरकारी समितीच्या चौकशीत पुढे आलं. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. बऱ्याच जणी तिशी-चाळिशीतल्या. मजुरीचा दिवस बुडू नये म्हणून शरीराचा भाग काढून देणाऱ्या माणसांना आळशी म्हणताना जीभ अडखळायला हवी.

गावातला शेतकरी वाढीव रोज देऊ शकत नाही, हेही तितकंच खरं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत कित्येक जणांना त्याच्या खालीच विकावं लागलं. घरात येणारच कमी, तर मजुराला देणार कुठून? शेतकरी आणि मजूर दोघेही एकाच भावाखाली भरडले जातायत. हा मेसेज त्यांना एकमेकांवर सोडतो आणि भाव पाडणाऱ्याचं नावही घेत नाही.

लोकांना काम नको असतं, असं म्हणणाऱ्याने महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आठवावा. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलाव खोदले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या राज्याच्या रोजगार हमी योजनेवरूनच पुढे २००५ चा देशव्यापी कायदा झाला. कायद्याने वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. प्रत्यक्षात कुटुंबाला सरासरी पन्नासच्या आसपासच दिवस मिळत आले. काम मागणारे होते, देणारे कमी पडले.

पोरं जास्त, हा मुद्दा तर कधीच शिळा झालाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं, १.७ आहे, लोकसंख्या स्थिर राहायला लागतो त्यापेक्षाही कमी. त्याच पाहणीत दुसरी गोष्ट दिसते, ती जास्त बोलण्यासारखी आहे. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास आहे, पण बीड आणि परभणीत चाळीसच्या वर. आई-बाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोरगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं. म्हणून लग्न उरकतात, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. शाळा सुटते, पहिलं बाळंतपण कोवळ्या वयात, बाळ कमी वजनाचं. लोक याला गरिबीचं कारण म्हणतात. मला ते आधी गरिबीचं फळ दिसतं, आणि मग पुढच्या पिढीच्या गरिबीचं बी.

दारूबद्दल थोडक्यात. दारूने घरं बुडतात, यात वाद नाही. पण दारूविरुद्ध रस्त्यावर कोण उतरलं? गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती गावोगावच्या गरीब, आदिवासी माणसांच्या चळवळीतून. मदतीचे पैसे दारूत जातात का, याची जगभरची पाहणी एकत्र करून बघितली गेली आहे. पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसत नाही.

आणि मानसिकता? तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची विचारशक्ती उसाचे पैसे हातात येण्याआधी आणि आल्यानंतर तपासली गेली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं तीच. तंगीच्या दिवसांत त्यांना त्याच प्रकारची कोडी नीट सुटेनात, पैसे आल्यावर सुटायला लागली. डोक्यावर देणं असलं की डोकं तिथेच अडकतं. यात स्वभावाचा प्रश्न येत नाही.

आजोबांचे कष्ट कुणी नाकारत नाही. माझ्याही घरात ते आहेत. पण त्या पिढीला रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं होती, कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना होती, यशवंतरावांच्या काळात आलेली ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फी माफी होती. शिकून बाहेर पडल्यावर झेडपीत, एसटीत, बँकेत कायमची नोकरी होती. वर यायला जिना होता, म्हणून कष्ट करून वर येता आलं. आज ऊसतोडीच्या पोराला सहा महिन्यांचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होईल याचीही खात्री नसते.

राहिलं ‘बंद करा’. रेशन आणि दीड हजार बंद केले तर काय होईल, याचा विचार कुटुंबाच्या जागी बसून करावा. घरातलं धान्य कमी पडेल, दुकानदाराकडे उधारी वाढेल. मध्येच कुणी आजारी पडलं तर उपचाराचे पैसे लागतील. राजस्थान, गुजरात, आंध्रातल्या गावांत संशोधक अनिरुद्ध कृष्ण यांनी घरं गरिबीत का घसरतात हे शोधलं तेव्हा आजारपण हेच सगळ्यात मोठं कारण निघालं. अडचणीत लगेच लाखभर रुपये हातात ठेवणारा गावात एकच असतो, मुकादम. तेव्हा फुकटचं बंद झालं म्हणून तुमच्या सोयाबीनला माणसं मिळतील, हे धरून चालू नका. जी काही घरं आज कशीबशी गावात टिकून आहेत, तीही उचल घेऊन पुढच्या दसऱ्याला गाडीत बसतील.